विषय : वाळलेला रोबुस्टो सिगार आणि तुमच्या माणसाचा सल्ला

व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेचा चौथा फोन आत्ताच ठेवला. मायना-बियना राहू द्या.

पाच रोबुस्टोंची, म्हणजे आखूड जाड सिगारांची पेटी, साडेसहा हजार रुपये. भर मे महिन्यात परभणीला पाठवलीत, तीही साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. ओलावा राखायची पुडी पापडासारखी कडक झालेली. सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवावा असं तुमच्याच पत्रकावर छापलंय. पारा इथं 43 वर होता.

तरी दोन आठवडे माझ्या ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटीत, ठेवून पाहिले. पण पानातलं तेल एकदा उडालं की ओलावा परत येतो, चव येत नाही. पहिल्याचं टोक कापलं तर वरचं पान कडब्याच्या पातीसारखं चर्रकन उललं, थेट कागदी पट्टीपर्यंत. न पेटवता ओढून पाहिला, तर बोरूची पोकळ नळी तोंडात धरल्यासारखं. पेटवल्यावर एकच बाजू जळत सुटली. तुम्ही लिहिलेला कोको, देवदार वगैरे राहिलं बाजूला, जिभेला चटका तेवढा बसला. पाऊण तास पुरायचा तो वीस मिनिटांत संपला. राख माझ्या लेंग्यावर. दुसराही तसाच, म्हणून बाकीचे तीन पेटवलेच नाहीत.

आता आजचा फोन. अर्धा तास सनई ऐकवल्यावर एक पोरगा आला. पहिला प्रश्न, "परभणी म्हणजे विदर्भात ना?" मी म्हणालो, मराठवाड्यात. "हां, तेच ते." तेच ते! मग म्हणाला, "काका, पहिल्यांदाच ओढताय का?" अकरा वर्षं ओढतोय म्हटलं. "मग जोरात ओढा ना काका. छातीत घ्या, चव कळेल."

छातीत घ्या.

साहेब, सिगारचा धूर तोंडात घोळवून सोडतात, आणि जोरात ओढला की तो तापून अजून कडू होतो. हे मी तुम्हाला सांगायचं? मी त्याला विचारलं, बाबा, पन्नास रिंग म्हणजे किती? म्हणाला, "पेटीत पन्नास येतात." इंचाचे चौसष्ट भाग केले की त्यातले पन्नास, एवढी या रोबुस्टोची जाडी. माझ्या शेतावरचा गडी बिडी ओढतो, त्याला आपल्या बिडीची याहून जास्त माहिती आहे. आणि त्याची बिडी शेवटपर्यंत सरळ जळते.

शेवटी पोरगा म्हणाला, "टोक कापलेला माल परत होत नाही." न कापता सिगार ओढायचा कसा, तेही एकदा छापा. आणि तीन तर मी कापलेलेच नाहीत! खोकं साधं होतं, पुडी कडक होती, हे चार वेळा सांगितलं. चारही वेळा नवीन तक्रार क्रमांक मिळाला.

आठ दिवसांत साडेसहा हजार परत करा. नाहीतर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला इथंच, परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांच्या आत फीसुद्धा लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथवर यावं लागेल. विदर्भात उतरू नका म्हणावं.

उरलेले तीन परत पाठवतोय. एक त्या पोराला द्या. छातीत घ्यायला सांगा.