मालमोटारींनाही व्हिंटेज नोंदणी मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या जिनिंगच्या मागच्या आवारात, राइस मिलच्या भिंतीलगत, कुठे वावराच्या धुऱ्यावर जुने ट्रक अजून उभे आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज, फार्गो, डिसोटो; ताऱ्याचे चिन्ह असलेले टाटा मर्सिडीज; एन्नोरचे लेलँड कॉमेट; क्वचित एखादे हिंदुस्थान बेडफर्ड. भंगारवाला ते किलोच्या भावाने घेतो आणि गॅस कटरने चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापतो. हे थांबवायचे असेल, तर एका नियमात दुरुस्ती व्हायला हवी. ती मागणी मांडण्यासाठी हे पत्र.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते. नोंदणीची फी २० हजार रुपये आहे, मुदत १० वर्षांची आहे आणि प्रदर्शन, रॅली किंवा देखभालीसाठी गाडी रस्त्यावर आणता येते. ही सोय फक्त दुचाकी आणि प्रवासी मोटारींना आहे. मालवाहू गाडी त्या व्याख्येत बसत नाही. तिला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. १९६२ चा फार्गो कितीही नीट ठेवला, तरी आजच्या धंद्याच्या ट्रकच्या रांगेत उभा राहून तो पास होणार नाही. म्हणजे मालकाने तो आवारात कुजू द्यायचा किंवा कापायला द्यायचा. एखाद्या बंगल्यातली जुनी मोटार वारसा ठरते आणि वऱ्हाडचा कापूस ओढलेली गाडी भंगार ठरते, हा अन्याय आहे.

नुसता ‘मालवाहू’ हा शब्द व्याख्येत घालून मात्र भागणार नाही. वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी या नियमाची अट आहे. मोटारीला ती रास्त आहे. ट्रकला ती तशीच लावली तर एकही जुनी गाडी पात्र ठरणार नाही. कारण त्या काळी कारखान्यातून बहुतेक वेळा बॉनेट आणि काउल (बॉनेटमागचा पुढचा पत्रा) असलेली नुसती चासीच यायची. ड्रायव्हर तात्पुरत्या बैठकीवर बसून, ऊन-पाऊस अंगावर घेत ती चालवत आणायचा. केबिन आणि मागचा फाळका इथले सुतार-लोहार बांधायचे. इंजिनाचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करी मालाच्या विक्रीत, निघालेल्या शेव्हर्ले-फोर्डला आणि सुरुवातीच्या डॉजला पेट्रोलचे इंजिन होते. पेट्रोल परवडेना, तेव्हा पुष्कळ मालकांनी ते काढून पर्किन्सचे पी-६ डिझेल इंजिन बसवले. हे इंजिन मद्रासला सिम्पसन कंपनी बनवत असे. अशी बदललेली गाडी हाच आपल्याकडचा मूळ नमुना आहे. म्हणून नियमात स्पष्ट लिहावे की, त्या काळात स्थानिक कारागिरांनी बांधलेली बॉडी आणि त्या काळात केलेले डिझेल रूपांतर मूळ रूपातच धरले जाईल.

या गाड्यांवर तालुक्याच्या गावी लहान लहान ट्रान्सपोर्ट उभ्या राहिल्या. दोन-चार ट्रक, बाजारपेठेत एक गाळा, मागे टिनाचे गोदाम आणि एक मुनीम. दिवाळी ते होळी कापूस, मे महिन्यात तेंदूपत्ता, मोर्शी-वरुड-काटोलकडे आंबिया आणि मृग बहाराची संत्री, गोंदियाकडे तांदूळ, बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू, वणी-घुग्घूसचा कोळसा. प्रत्येक मालाची भरण्याची रीत निराळी होती. सुटा कापूस जागा खातो आणि वजन भरत नाही, म्हणून फाळक्याच्या वर बांबू आणि ताट्या लावून उंची वाढवायची. रुईची गाठ १७० किलोची. अशा ५० गाठी म्हणजे साडेआठ टन, नऊ टनी गाडीचे पोट भरले. गाठीला विडीची ठिणगी लागली तर वरून काही दिसत नाही, आत दिवसेंदिवस धुमसत राहते. वरून पाणी मारून ती विझत नाही. गाठ खाली लोटून, पट्ट्या तोडून मोकळी करावी लागते. संत्र्याच्या खोक्यांत तणस घालायचे, दोन थरांत हवा खेळायला फट ठेवायची आणि ताडपत्री फक्त वर टाकायची. बाजू झाकल्या की माल आतल्या आत उकडतो. बांबू मागे जास्त निघाला तर पुढचा धुरा (अ‍ॅक्सल) हलका होतो आणि स्टिअरिंग हाती लागत नाही. राजूर घाटात किंवा तळेगावच्या सत्याग्रही घाटात हे जिवावर बेतायचे.

गाडी कोणत्या काळची हे ओळखायला साध्या खुणा आहेत. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेन्झचा करार १९५४ ते १९६९ असा १५ वर्षे होता. जाळीवर ताऱ्याचे चिन्ह असेल तर गाडी त्या काळातली, ‘टी’ असेल तर पुढची. टाटाच्या चार आकडी मॉडेलमधले पहिले दोन अंक साधारण एकूण वजनाचे टन सांगतात आणि पुढचे दोन अश्वशक्तीचा अंदाज देतात: १२१० म्हणजे बारा टन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. इंजिनावर ६९२ असेल तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९२ मिलिमीटर, ६९७ असेल तर ९७. डॉज, फार्गो आणि डिसोटो या मुळात एकच गाडी. फरक नावाचा आणि जाळीचा. कपाळावरचे ‘पब्लिक कॅरिअर’ हे शब्द १९३९ च्या मोटार कायद्यातले आहेत. एमएच-२७ अमरावती, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३४ चंद्रपूर अशा मालिका १९८९ पासूनच्या. जुने आरसी पुस्तक सापडले तर शिक्के वाचावेत. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, नंतर १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात.

आता ज्यांच्या आवारात अशी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी. नियम बदलेल तेव्हा बदलेल, तोवर गाडी टिकायला हवी.

सगळ्यात मोठे नुकसान उत्साहाने होते. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून चालू करायला जातात. आत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्ह अडकलेले असतात. झटका बसला की पुशरॉड वाकतो, रिंग तुटते, पिस्टन फुटतो. आधी डिझेल फवारणारे सहाही नोझल काढावेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल मिळून साधारण ५० मिली सोडावे आणि आठ दिवस तसेच राहू द्यावे. टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली दाबून मोकळा वर येतो का ते पाहावे. मगच क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू, चालीच्या दिशेनेच फिरवावे. अडले तर पाइप लावून जोर करू नये, पुन्हा तेल सोडावे. ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसले तर पाणी आत उतरले आहे. हेड उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डिझेल टाकीत तळाला पाणी आणि गाळ असतोच. टाकी उतरवून धुवावी, फिल्टर बदलावा. डिझेल पंप मायको कंपनीचा असेल तर तो पंपवाल्याकडे द्यावा, घरी खोलू नये. टाटा मर्सिडीजच्या जुन्या पंपाला हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) आहे. त्यातला चामड्याचा पडदा वाळून फाटलेला असतो. फाटक्या पडद्यावर इंजिन चालू झाले तर डिझेलची दांडी पूर्ण पुढे जाते आणि वेग आवरत नाही. म्हणून पडदा बदलल्याशिवाय स्टार्टर मारू नये. पहिल्या वेळी हवा येणारे तोंड बंद करायला एक फळी हाताशी ठेवावी. याच इंजिनाचे, चालू करण्याआधी सिलिंडर तापवणारे, सहा हीटर प्लग एका मालिकेत जोडलेले असतात. एक जळला की सगळे थंड आणि डॅशवरची तारही लाल होत नाही. लोक बॅटरीला दोष देत बसतात. एकेका प्लगवर तार टेकवून पाहिले की मेलेला प्लग सापडतो. हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट, हा क्रम पाळावा. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४.

रेडिएटरमध्ये आपल्या विहिरीच्या जड पाण्याचा चुना बसलेला असतो. दहा लिटर पाण्याला पाव किलो धुण्याचा सोडा घालून ते कोमट पाणी रात्रभर ठेवावे आणि उलट्या दिशेने धुवावे. अॅसिड घालू नये, डाग दिलेले सांधे सुटतात.

ब्रेकवर कधीच विश्वास ठेवू नये. जुन्या हायड्रॉलिक ब्रेकला एकच सर्किट आहे. एका चाकाच्या सिलिंडरचा कप गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. सगळे कप, होज आणि गंजलेले पाइप एकदमच बदलावेत. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतले की रबर फुगते आणि चाके जाम होतात.

चाकांबद्दल कळकळीने सांगायचे आहे, कारण इथे माणसे मेली आहेत. या गाड्यांना ९.००-२० चे टायर आणि तीन तुकड्यांची रिंग असते. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटते ती तोफगोळ्यासारखी. व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण गेल्याशिवाय टॉमी (लोखंडी पहार) लावू नये. हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळावी, लांब नळी वापरावी, समोर उभे राहू नये. तडा गेलेली रिंग वेल्डिंग करून वापरू नये. गाडी ठेवायचीच असेल तर दोन्ही धुरे लाकडी स्लीपरवर उचलून ठेवावेत. कमानींवरचा भार कमी होतो आणि पावसाळ्यात चाके काळ्या मातीत रुतत नाहीत.

लाकूड आणि रंग हा या गाड्यांचा खरा ठेवा. फाळक्यावर ट्रान्सपोर्टचे नाव, गाव, तीन-चार आकडी फोन नंबर आणि पेंटरची सही असते. नवा रंग मारू नका, पॉलिश पेपर लावू नका. साध्या पाण्यात मऊ कापड भिजवून पुसा. उघड्या सागाला जवसाचे कच्चे तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात मिसळून पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून घ्यावे. रंगवलेल्या अक्षरांवर तेल नको, ती काळी पडतात. तेलाच्या चिंध्या उन्हात पसरून वाळवाव्यात. गोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात. प्लास्टिकने गाडी झाकू नये, आत घाम धरतो. वर टिन आणि बाजू मोकळ्या, एवढे पुरे.

कागदही तितकेच महत्त्वाचे. बिल्टीबुकात, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या वहीत, माल देणारा, घेणारा, नग, वजन, भाडे, ‘टू पे’ (भाडे घेणाऱ्याने द्यायचे) की ‘पेड’ (आधीच भरलेले), हमाली, ट्रक नंबर असे सगळे असते. वजन मणात लिहिले असेल तर ती बिल्टी मेट्रिक वजने येण्यापूर्वीची समजावी. एका गावाचा व्यापार कोणत्या गावाशी होता, हे याहून नेमके कुठे सापडणार? कार्बनच्या प्रती फिकट होत जातात, त्यामुळे प्रत्येक पानाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढून ठेवावा. वाळवी लागलेली वही वेगळी करावी.

गाडी कापायला देणारच असाल, तर निदान चासी नंबरावर कागद धरून पेन्सिलचा ठसा घ्या, चारही बाजूंचे आणि इंजिनावरच्या पट्टीचे फोटो काढा. नोंदणी रद्द झाली असली तरी आरसी पुस्तक फेकू नका. उद्या नियमात मालमोटारी आल्या, तर वय सिद्ध करायला तोच कागद लागेल. विदर्भातल्या खासदारांनी आणि ट्रान्सपोर्ट संघटनांनी रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे मागणी करताना दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात: व्याख्येत मालवाहू वाहनांचा समावेश, आणि स्थानिक बॉडी व डिझेल रूपांतराला मूळ रूप म्हणून मान्यता. दुसरी सुटली तर पहिलीचा काही उपयोग होणार नाही.

आपला,
एक वाचक
कारंजा (लाड), जि. वाशीम