लॉकरमधला फोन

आइंडहोवन, नेदरलँड्स
रविवार, 22 जून 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, वाईट काही नाही. मी ठणठणीत आहे. वजन कमी झालेलं नाही, फोनवर तोंड तसं बारीक दिसतं. फोनवर आपलं जेवलास का, थंडी आहे का एवढंच होतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून आज कागद घेऊन बसलो. चिमी, तू मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आई, आधी 12 तारखेचं बोलतो. त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो. तू नंतर तो विषय काढला नाहीस, तुझा आवाजही नेहमीसारखाच होता, पण मला दहा दिवस झोप नीट लागत नाही.

आमच्या कामाच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात असताना मी संध्याकाळी काळाकुट्ट होऊन घरी यायचो, इथं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून आत जावं लागतं. फोन आत नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. अहमदाबादला विमान पडलं तेव्हा तुमच्याकडं दुपारचे पावणेदोन वाजत आले होते, इकडं सकाळचे सव्वादहा. मला आत काहीच कळलं नाही. साडेअकराला जेवायला बाहेर आलो, लॉकर उघडला, तर तुझे एकोणीस फोन. आज्जी गेली तेव्हा सात होते. माझे हातपाय गार पडले. अण्णांना काही झालं असणार असंच मनात आलं. आणि तू फोन उचलून नुसतीच रडायला लागलीस. लंडनचं विमान पडलंय, तू लंडनला जाणार होतास नव्हे, असं म्हणालीस. तेव्हा मी जे बोललो ते मला पुन्हा लिहवत नाही. अहमदाबाद कुठं, मी कुठं, जरा डोकं चालवत जा की, असं. तू म्हणालीस, "बरं. जेव आता." आणि फोन ठेवलास.

मीच तुला आधीच्या रविवारी सांगितलं होतं की शुक्रवारी कंपनीच्या कामाला लंडनला जायचं आहे. तुला लंडन एवढंच लक्षात राहिलं, यात तुझं काय चुकलं? 242 माणसं होती त्या विमानात, वाचला एकच. खाली वैद्यकीय कॉलेजची मुलं जेवायला बसलेली, ताटावरची पोरं गेली. टीव्हीवर ते बघताना कुठल्या आईचं डोकं चालेल?

आता इथला एक रिवाज सांगतो. लांबण लागेल, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इथं 4 मेला रात्री आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. नुसतं म्हणायला नाही, खरोखर थांबतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा देश पाच वर्षं ताब्यात ठेवला होता, 1940 ते 1945. त्यात गेलेल्यांसाठी हे सुरू झालं, आता नंतरच्या लढायांत गेलेल्यांचीही आठवण त्यातच काढतात. ॲमस्टरडॅमच्या मोठ्या चौकात राजा स्वतः फूलचक्र वाहतो. मला ऐकून माहीत होतं, पण यंदा मी नेमका बसमध्ये होतो. आठ म्हणजे रात्र असं समजू नका, मे महिन्यात इथं आठला लख्ख ऊन असतं. ड्रायव्हरनं बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, बंद पडली. शेजारच्या बाईला विचारायला तोंड उघडलं, तर तिनं नुसती मान हलवली. बाहेर बघतो तर सायकलवाला एक पाय टेकून उभा, दोन पोरं चाकांची फळी काखेत धरून उभी, कुत्रं फिरवायला आलेला म्हातारा उभा. शिट्टी नाही, भोंगा नाही, पोलीस नाही. कुणी कुणाला दटावत नव्हतं. दोन मिनिटं झाली तसं इंजिन सुरू झालं आणि पोरं पुन्हा फळीवर चढली. आणि दुसऱ्या दिवशी, 5 मेला, स्वातंत्र्याचा सण: गल्लोगल्ली गाणी, नाच. काल डोळ्यात पाणी आणि आज नाच, हे पहिल्या वर्षी मला अजिबात झेपलं नव्हतं. आता थोडं थोडं कळतं.

आपल्याकडं 30 जानेवारीला अकरा वाजता शाळेत उभं करायचे, तेव्हा आम्ही एकमेकांना चिमटे काढायचो. खरं उभं राहणं मी बघितलं ते अण्णा, तुमच्याबरोबर, 17 जानेवारीला बेळगावात हुतात्मा चौकात. 1956 साली सीमेसाठी गेलेल्या माणसांची नावं घेताना तुमचा हात माझ्या हातावर घट्ट व्हायचा. मला कळायचं नाही की माझ्या वडिलांना न भेटलेल्या माणसांसाठी गलबलून का येतं. त्या बसमध्ये मला तुमचा तो हात आठवला, आणि त्यामागून 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आली. तिच्याबद्दल तुम्हाला दोघांना मी खोटं सांगितलं होतं. आज खरं सांगतो.

पीयूसीचं दुसरं वर्ष, म्हणजे बारावी होती. माझ्या अभ्यासासाठी तू घरची केबल काढून टाकली होतीस. अण्णा काकांकडं लालबागला गेले होते आणि बुधवारी रात्री सीएसटीवरून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघणार होते. मी तुला सांगितलं, मित्राकडं अभ्यासाला जातो. अभ्यास नव्हता. कटकला भारत-इंग्लंडची मॅच होती. पीटरसनचं शतक झालं, तरी सेहवागनं 91 मारले आणि आपण जिंकलो. मालिका पाच-शून्य. आम्ही पोरं नाचत होतो. मित्राच्या भावानं बातम्या लावल्या तर पडद्यावर सीएसटी. फलाटावर पडलेल्या बॅगा आणि चपला.

मला तेव्हा लगेच उठून घरी यायला पाहिजे होतं. मी आलो नाही. अण्णांची गाडी तासभर आधीच सुटली असणार असा हिशेब मी मनात केला आणि तो बरोबर धरून बसलो. खरं सांगायचं तर ते सगळं सोडून उठवतच नव्हतं. ताज, मग ट्रायडेंट, मग कामा हॉस्पिटल, बातमीमागून बातमी येत होती आणि आम्ही मॅच बघितल्यासारखे बघत होतो. दीड वाजता घरी आलो. सोप्यातला दिवा चालू होता. तू आणि आज्जी भिंतीला टेकून बसला होता, चिमी तुझ्या मांडीवर झोपलेली. शेजारच्यांनी साडेदहालाच येऊन सांगितलं होतं. आपल्या गल्लीत निम्म्या घरांचं कुणी ना कुणी मुंबईत, त्या रात्री येळ्ळूरात कितीतरी दिवे चालू होते.

आणि अण्णांचा फोन बंद होता. का, तर तेव्हा कर्नाटकाची हद्द ओलांडली की रोमिंग लागायचं, आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणून महाराष्ट्रात गेलात की तुम्ही फोन बंद करून बॅगेत तळाला ठेवायचा. आई, तू तीन तास तो बंद फोन लावत होतीस. काकांच्या चाळीतला फोन लागत नव्हता. तू मला विचारलंस, कुठं होतास रे एवढा वेळ? मी म्हटलं, अभ्यास करत होतो, आम्हाला काही कळलंच नाही. तू माझ्याकडं बघितलंस आणि पाणी प्यायला दिलंस. तुला तेव्हाच कळलं होतं का? हे मला कधीतरी सांग.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता अण्णा बॅग खांद्याला लावून चालत आले. त्यांना मिरजेत पेपर हातात पडेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. ज्या स्टेशनात ते बाकावर बसून डबा खाऊन निघाले, तिथं त्यांच्यामागं तासाभरात 58 माणसं मेली. "मी आलोय नव्हे, मग रडताय कशाला?" असं तुम्ही म्हणालात अण्णा, थोडं रागानंच. आणि मग जेवायला बसलात, पण घास उचलेना. पुढं कितीतरी दिवस तुम्ही त्या विष्णू झेंड्यांचं सांगत होता, ज्यांनी स्टेशनातल्या माईकवरून लोकांना सावध करून मागच्या बाजूनं बाहेर काढलं. एका माणसाचा आवाज किती जणांच्या उपयोगी पडला, असं म्हणायचात.

तर आई, जो पोरगा त्या रात्री तुझ्याजवळ नव्हता, त्यानं तुला परवा डोकं चालव म्हटलं. एकोणीस फोन म्हणजे काय हे मला त्या सोप्यातच कळायला हवं होतं. माझं चुकलं.

आमच्या खालच्या मजल्यावर सत्त्याऐंशी वर्षांची आजी राहते. 12 तारखेला संध्याकाळी ती काठी टेकत वर आली, हातात केक. तुझ्या देशातल्या लोकांबद्दल वाईट वाटतं, म्हणाली. मग बसली आणि तिचं सांगत राहिली. सप्टेंबर 1944 मध्ये हे गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, 18 तारखेला लोक रस्त्यावर नाचले आणि 19 ला रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. ती सहा वर्षांची, तळघरात बटाट्याच्या पोत्यावर बसलेली. त्या बटाट्यांचा वास तिला अजून येतो. आणि 2014 चं सांगितलं. युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं, 298 माणसं, त्यातली 196 या देशाची. पहिल्या शवपेट्या इथंच, आइंडहोवनच्या विमानतळावर उतरल्या. चाळीस गाड्या ओळीनं हायवेनं गेल्या आणि ही आजी पुलावर उभी होती. तिचं त्यात कुणी नव्हतं. मी विचारलं, मग का गेलात? तर म्हणाली, घरी बसून काय करायचं होतं? मी तिला अण्णांच्या बंद फोनचं सांगितलं. तिला रोमिंग काय ते समजावता आलं नाही, पण बाकीचं कळलं.

आता तुमच्या काळजीचं. विमानानं येऊ नको म्हणता, मग कशानं येऊ? अण्णा, तुम्ही तवंदी घाटातून रात्रीच्या पावसात पिकअपमध्ये बसून येता, तेव्हा मी काही म्हणतो का? म्हणत नाही, पण झोपतही नाही, हेही खरं. विमानं रोज हजारो उडतात आणि उतरतात. मी दिवाळीनंतर येणार, विमानानंच येणार, आणि सुटल्यावर, उतरल्यावर, दोन्ही वेळा फोन करणार. एकटा पडलोय असंही समजू नका. इथं मराठी मंडळी आहेत, गणपती बसतो, कोल्हापूरचा एकजण झणझणीत रस्सा करतो. पाऊस यंदा मेमध्येच आला म्हणून पेरणीचं अडलं असं चिमीनं सांगितलं. बियाणं पुन्हा घ्यावं लागलं तर घ्या, मला विचारत बसू नका.

चिमीच्या लग्नाचं. गडहिंग्लजचं स्थळ मला पसंत आहे. मुलाशी मी फोनवर बोललो, शांत वाटला. आई, गडहिंग्लज लांब नाही, उगाच डोळे पुसू नकोस. तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त धरा. हॉलच्या ॲडव्हान्ससाठी दोन लाख सोमवारी पाठवतो, सोन्याचं ऑगस्टमध्ये बघू. पण अण्णा, रस्त्याकडचा तुकडा विकायचा नाही. जमिनीच्या पहाणी उताऱ्यावर तुमचं नाव आहे, सही तुमची लागते, म्हणून हात जोडून सांगतो.

आणि एक, जे मी तीन आठवडे फोनवर टाळतोय. मी इथला करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. तुम्हाला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही "कर" म्हणाला असता आणि आई काही बोलली नसती, आणि ते न बोलणं मला ऐकवलं नसतं. घराचं कर्ज आणि लग्न, दोन्ही त्याशिवाय निघत नाही. आज्जीच्या वेळी मी दहाव्याला पोचलो, हे मी विसरलेलो नाही.

खानापूरच्या मुलीचा फोटो मिळाला. उत्तर दिलं नाही म्हणजे नको असं नाही. मला चौतिसावं लागलंय हे माहीत आहे. पण तिला इतक्या लांब यायचं आहे का, हे तिच्या मामांना नको, तिलाच विचारा. चिमी विचारेल.

सकाळी सात ते चार माझा फोन लॉकरमध्ये असतो. साडेअकराला, म्हणजे तुमच्या तीन वाजता, मी बाहेर येतो. त्यामुळं रोज तीनला माझा फोन येईल, एक मिनिट का होईना. त्याआधी काही झालं तर आत निरोप देता येतो. आमच्या साहेबांच्या टेबलावरचा नंबर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलाय. चिमी, तो सोप्यातल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, खडूनं नको, पेननं लिही. आईला एकदा लावून बघायला सांग. मी साहेबांना सांगून ठेवलंय, मराठीतच बोललीस तरी चालेल, नुसतं माझं नाव घे.

तुमचा,
बंडू