व्होल्पेदो गावची माणसं

प्रिय आई, बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की सुट्टीच्या दिवशी त्या गॅलरीत एवढं काय बघत बसतेस, आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहूनच काढते.

इथे मिलानला जुझेप्पे पेलित्सा नावाच्या चित्रकाराचं 'इल क्वार्तो स्तातो', म्हणजे 'चौथा वर्ग', म्हणून भलंमोठं चित्र आहे, जवळजवळ साडेपाच मीटर रुंद, कामकरी लोकांचा अख्खा जमाव सरळ आपल्या अंगावर चालत येतो, पुढे दोन पुरुष आणि कडेवर पोर घेतलेली एक अनवाणी बाई. पण माझा जीव जडलाय तो त्याच्या आधीच्या रेखाटनांवर. कोळसा आणि खडू घेऊन तो एकेक माणूस सुटा काढायचा, हात कसा पुढे येतो, अंगरखा खांद्यावर कसा टाकलाय, सगळं. आणि उभी कोण केली तर व्होल्पेदो या स्वतःच्या गावातलीच माणसं, ती बाई तर त्याची बायको तेरेसा!

1891 मध्ये सुरुवात केली, मग मधलं एक मोठं चित्र, तेही बाजूला ठेवलं, 1898 मध्ये पुन्हा नवा कॅनव्हास घेतला आणि 1901 ला संपवला. 1898 म्हणजे ज्या वर्षी मे महिन्यात पाव महागला म्हणून मिलानचे लोक रस्त्यावर आले आणि सैन्याने त्यांच्यावर तोफा डागल्या ते वर्ष. तरी याच्या जमावात कुणाची मूठ वर नाही, कुणाच्या हातात काठी नाही, नुसते ताठ चालतायत. गरिबाचं चित्र म्हटलं की बघणाऱ्याला कीव यावी असंच बहुतेक जण काढतात, याने ते केलं नाही आणि मला तो त्यासाठीच फार मोठा वाटतो.

आई, तुला त्याचा मित्र मोर्बेल्लीचं चित्र दाखवायचंय. वेर्चेल्लीची भातशेती, बायका पाण्यात वाकून बेणणी करतायत, आपल्याकडे पाठ करून, चेहरे दिसतच नाहीत, आणि चित्राचं नाव काय तर 'ऐंशी सेंटसाठी', म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी. तू आजोळी भातात केलेलं काम सांगतेस ना, कंबर धरायची ते, ते मला त्या पाठींमध्ये दिसलं, खूप वेळ हलले नाही तिथून.

पेलित्साला मात्र त्याच्या हयातीत त्या मोठ्या चित्राला गिऱ्हाईक मिळालं नाही. 1907 मध्ये तेरेसा गेली आणि त्याच वर्षी त्यानेही गळफास घेतला, चाळिशीही नव्हती. 1920 मध्ये लोकांनी वर्गणी काढून ते चित्र मिलान शहरासाठी विकत घेतलं.

बाबा, गुडघा बरा असेल तर यंदा याच, व्होल्पेदोला पण जाऊ, ज्या चौकात त्याने ती माणसं उभी केली त्याला आता चित्राचंच नाव दिलंय. व्हिसाचे कागद मी बघते.

तुमची,
छोटी