मनू, एकदा टोरी एमॉस ऐकच

प्रिय मनू,

परवा तू म्हणालीस बँडमधली पोरं सांगतात की कीबोर्ड नुसता मागे पॅडला, म्हणजे मागून लांब सूर धरायला ठेव, रॉकमध्ये पियानो चालत नाही, पुढे गिटारच पाहिजे. तेव्हापासून मला चैन नाहीये. बाळा, हेच बोलणं एका बाईने तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी ऐकून घेतलंय.

टोरी एमॉस म्हणजे अमेरिकेतली पियानोवर गाणारी गायिका, वडील मेथडिस्ट चर्चचे पाद्री. पाच वर्षांची असताना बाल्टिमोरच्या पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या शाळेत घेतलं तिला, पण ही कानाने वाजवायची, नोटेशन वाचायचा कंटाळा आणि त्यात रॉकचा नाद, मग अकराव्या वर्षी स्कॉलरशिप गेली आणि ते सुटलं. पुढे तेराव्या वर्षापासून वॉशिंग्टनच्या बारमध्ये वाजवायला लागली, त्यातला एक तर गे बार, आणि सोबतीला कोण तर स्वतः वडील! सत्तरच्या दशकातला पाद्री माणूस, चर्चमधली लोकं काय म्हणतील याचा विचार आलाच असेल ना मनात, तरी गेला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

मग लॉस एंजलिस, आणि 1988 मध्ये 'वाय कान्ट टोरी रीड' नावाचा बँड आणि त्याच नावाचा अल्बम. फुगवलेले केस, हातात तलवार, ड्रमवर मॅट सोरम जो नंतर गन्स अँड रोझेस या रॉक बँडमध्ये गेला. सगळं त्या वेळच्या फॅशनप्रमाणे केलं आणि साफ आपटलं. त्यानंतर ती परत पियानोपाशी बसली आणि स्वतःची गाणी लिहिली, तर रेकॉर्ड कंपनीतल्यांना त्यातला पियानो काढून गिटार टाकायच्या होत्या!! ती अडून बसली. तोच अल्बम 'लिटल अर्थक्वेक्स', 1992. त्यात 'मी अँड अ गन' हे गाणं आहे, लैंगिक अत्याचारावरचं, त्याला एकही वाद्य नाही, नुसता आवाज. ते एकटी असताना ऐकू नकोस, मला फोन कर. 1994 मध्ये अशा पीडितांसाठी अमेरिकेत 'रेन' ही संस्था सुरू झाली त्यात ती पहिल्यापासून होती.

आणि तुझ्या बँडमधल्या पोरांना तिचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' ऐकव. मूळ निर्वाना या रॉक बँडचं गाणं, पण हिच्यात गिटार नाही ड्रम नाही, फक्त पियानो आणि ती. मग बोला म्हणावं.

लाइव्हचे व्हिडिओ पण बघ. बाकावर दोन्हीकडे पाय टाकून प्रेक्षकांकडे तोंड करून बसते, एक हात बोझेंडॉर्फर पियानोवर आणि दुसरा मागच्या कीबोर्डवर, आणि त्यात गातेय, श्वास कुठे घेते कळत नाही. 1996 च्या 'बॉइज फॉर पेले' अल्बमला तर आयर्लंडच्या एका चर्चमध्ये हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं कीबोर्डचं वाद्य, घेऊन बसली, रॉकच्या अल्बममध्ये हार्पसिकॉर्ड!

बँड सोड असं मी म्हणत नाहीये, पोरं चांगली आहेत. पण तू लिहिलेलं ते पावसाचं गाणं आहे ना, ते त्यांना एकदा तू एकटीने वाजवून दाखव, पूर्ण, मध्ये कोणी थांबवायचं नाही. नाहीच पटलं तर ते तुझं तू वेगळं रेकॉर्ड कर, स्टुडिओचे पैसे मी देतो, आईशी बोलणं झालंय.

शनिवारचा शो किती वाजता आहे ते कळव, मी दुपारच्या गाडीने निघतो. पबमध्ये बाबा नको असं काही म्हणू नकोस, मागच्या टेबलावर बसेन.

बाबा