भिंतीवरच्या कुणबिणीचे पाय

महोदय,

गोव्यात फोंड्याच्या वाटेवर एका कुंपणाच्या भिंतीवर नवं चित्र रंगवलंय. लाल चौकडीचं कापड नेसलेली कुणबीण, केसांत आबोलीचा वळेसर, डोक्यावर भाताची पेंडी आणि खाली ‘आमची संस्कृती’ अशी अक्षरं. रंगकाम चांगलं आहे. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेवढं कळतं. पण बाईच्या पायाला चिखलाचा ठिपका नाही. आणि खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतलं शेत म्हणावं, तर बांध कुठे आहे?

शेतकऱ्याला नटवून ‘आपली संस्कृती’ म्हणून मिरवायचं हे खूळ आपल्याकडचंच नव्हे. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली, पुढे स्वीडनच्या. आपलं म्हणून काय दाखवायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. १८४८ साली तिडेमान आणि गुडे या तिथल्या चित्रकारांनी मिळून हार्डांगरच्या खाडीतली लग्नाची वरात रंगवली. डोंगर-पाणी गुडेचं, माणसं तिडेमानची. होडीत मुकुट घातलेली नवरी, सोबत फिडलवाला. त्याची छापील प्रत मी वर्गात लावायचो. देखणं चित्र आहे, खोटं कशाला बोलू! पण त्यातला शेतकरी सणाच्या दिवसाचा, आणि देशाची ओळख म्हणून तोच मिरवला गेला. १८५७ मध्ये फ्रान्सच्या मिलेने कापणीनंतर सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायका काढल्या, कंबरेत वाकलेल्या, तोंडं धड न दिसणाऱ्या. पॅरिसच्या बड्या लोकांना ते रुचलं नाही.

आपल्याकडे काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी १९३८ मध्ये नंदलाल बोसांनी चित्रफलक केले. त्यांतल्या माणसांच्या हातांत काम आहे.

माझी आई मडकईच्या खाजनात कोरगुटाच्या, म्हणजे खारं सोसणाऱ्या भाताच्या शेतात राबली. शेत भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ म्हणून आमचं नाव कागदावर फार मागाहून लागलं. संध्याकाळी ती दारात पाय घासायची, तरी टाचांच्या भेगांतला काळा चिखल निघत नसे. वळेसर ती माळायची, पण जत्रेला. शेताचा जीव मात्र मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात. तिची फळी भरतीच्या रेट्याने मिटते, ओहोटीला उघडते. फळी कुजली की खारं पाणी आत शिरतं आणि भात गेलाच. ही मानस मला अजून एकाही भिंतीवर दिसलेली नाही.

त्या भिंतीची आतली बाजू अजून कोरी आहे. रंगवायची असेल तर आधी चित्रकाराला ओहोटीच्या वेळी आमच्या बांधावर पाठवा. चपला घरी ठेवून यायला सांगा.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मडकई