जम बसवायचा आम्ही, भाडं वाढवायचं त्यांनी

मा. व्यापारमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

छोटी दुकानं बंद पडू लागली की सरकारला आधी आठवतं ते स्वस्त कर्ज. ते मिळालं तर मी पहिल्यांदा थकलेलं भाडं भरेन. म्हणजे पैसा जाईल गाळामालकाकडे आणि हप्ते राहतील माझ्या गळ्यात.

गाळा भाड्याने घेतला की फरशी, कपाटं, दिवे, पाटी सगळं आम्ही पदरचं करतो. गिऱ्हाईक जोडण्यात दोन-तीन वर्षं जातात. जरा कुठे जम बसतो, तोवर करार संपत आलेला असतो. हा आता हलू शकत नाही, हे मालक ओळखून असतात. भिंतीत बसवलेलं फर्निचर उचलून नेता येत नाही आणि गिऱ्हाईक याच दाराला सरावलेलं असतं. मग भाडं ठरतं ते माझ्या नाइलाजावर. गेल्या वेळी तर नवा आकडा मला शेवटच्या पंधरवड्यात कळला. सही केली, दुसरं करणार काय?

बरं, शेजारचा गाळा वर्षभर रिकामा असला तरी भाडं उतरत नाही. हे कोडं मला उशिरा सुटलं. मोठ्या व्यापारी इमारतीची किंमत आणि तिच्यावर मिळणारं कर्ज बऱ्याचदा करारातल्या भाड्यावर मोजतात. आकडा उतरवला की इमारतीची किंमतही उतरते. म्हणून काही मालक पहिले तीन महिने फुकट देतील, पण आकड्याला हात लावू देणार नाहीत.

फ्रान्समध्ये दुकानाचा करार साधारणपणे किमान ९ वर्षांचा असतो आणि दर तीन वर्षांनी भाडेकरूला बाहेर पडता येतं. मुदत संपल्यावर मालकाने सबळ कारणाशिवाय नूतनीकरण नाकारलं, तर बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यालाच द्यावी लागते. भाडं फक्त वरच जाईल, असं कलम आयर्लंडने २८ फेब्रुवारी २०१० पासूनच्या नव्या करारांत चालू दिलेलं नाही. कॅनडाने २०२० च्या साथीत भाड्यासाठी मदत जाहीर केली, पण अर्ज मालकाने करायचा होता. अनेकांनी तो केलाच नाही. शेवटी मदत थेट भाडेकरूला द्यावी लागली. आपल्या खात्याने निदान एवढं तरी वाचावं.

सगळेच मालक गब्बर नसतात. एका गाळ्याच्या भाड्यावर म्हातारपण काढणारेही आहेत, म्हणून भाडं गोठवा असं मी म्हणत नाही. गोठलेल्या भाड्यात छप्पर कोण दुरुस्त करणार? पण नवा आकडा मुदतीच्या सहा महिने आधी लेखी द्यावा, तो पटला नाही तर तिऱ्हाईत लवादाने महिन्या-दोन महिन्यांत निकाल द्यावा आणि गाळा सोडायला लावला तर बसवलेल्या धंद्याची भरपाई मिळावी. कायद्यात एवढं आणा.

माझा करार संपायला आता आठ महिने आहेत. परवा मालकांना विचारलं, तर म्हणाले, "बघू."

आपला,
भाड्याच्या गाळ्यातला एक दुकानदार