वीतभर वर घेणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालवणात स्कूबाला, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारायला, नेणाऱ्या तुमच्या होडीवरच्या माणसांनी हे वाचलं तर ती ओळखतीलच. निघताना मी पैसे पुढे केले, तर तुम्ही "राहू देत, काकी" म्हणालात आणि सिलिंडर उचलायला निघूनही गेलात. आभार मानायचे राहिले. ते आता चारचौघांत मानते.

आधीच्या हंगामात आम्ही दुसऱ्या एकांकडे गेलो होतो. कोणाकडे, ते सोडा. शेडमध्ये भिंतीवर टीव्ही टांगलेला. त्यावर स्कूबाचा व्हिडिओ फिरत होता. कान मोकळे करायला नाक कसं दाबायचं, खुणा कुठल्या, मासे किती रंगीत. आवाज ऐकू येत नव्हता, कारण बाहेर लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती. व्हिडिओ संपला, फॉर्मवर सह्या झाल्या, की झालं ट्रेनिंग. पाण्यात कान ठणकायला लागला म्हणून मी हात हलवून सांगतेय, तर बरोबरच्या मुलाचं लक्ष फोटो काढणाऱ्याकडे. सिलिंडरला धरून तो मला खालीच नेतोय. कशीबशी धडपडत वर आले, तर होडीवरून विचारणा झाली, "व्हिडिओ नीट बघितला नव्हता का?"

बघितला होता हो. डोळ्यांत तेल घालून बघितला होता!

टीव्हीला मी नावं ठेवणार नाही. आमच्या घरी जेवणं आटोपली की समुद्राखालचे कार्यक्रम लागतात, आणि कामाच्या बऱ्याच गोष्टी मला तिथेच कळल्या. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'झकास' नाही, 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे पाठवणाऱ्या बाईला हे आधीच माहीत असलेलं बरं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हेही तिथलंच. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा कोंडून धरून वर आलं, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसून आपली साधीच हवा दाबून भरलेली असते, हे तर मी आमच्या ह्यांना पैज लावून पटवून दिलंय.

पण टीव्हीवर माणूस होडीच्या काठावरून मागे कलंडतो, छपाक् होतं, आणि पुढच्या क्षणी तो तळाशी माशांच्या घोळक्यात. मधलं सगळं कापलेलं. खरी गोम तर त्या मधल्यातच आहे. पहिल्या दहा मीटरांत कानाच्या पोकळीतली हवा आकसून निम्म्यावर येते. त्यापुढच्या दहा मीटरांत ती निम्म्याची तिसऱ्या हिश्शावर जाते, म्हणजे फरक बराच कमी. त्यामुळे कानाची कसोटी लागते ती अगदी सुरुवातीलाच. कॅमेऱ्याने तिथे दाखवायचं तरी काय? हिरवट पाणी, एक दोरी आणि घाबरलेली बाई.

त्या दोरीवर तुम्ही माझ्या समोर होतात. बाकीचे केव्हाच खाली गेले होते. हाताखाली हात घेत आपण उतरत होतो आणि जरा जरा अंतरावर थांबून तुम्ही स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवत होतात. तुमचे कान एव्हाना मोकळे झाले असणार, हे माझ्यासाठीच चाललं होतं. एका जागी माझा डावा कान बसला. मी काही खूण केली नाही, तेवढं सुचायलाच वेळ मिळाला नव्हता. कपाळाला आठी पडली असेल, तेवढीच. मास्कच्या काचेमागची ती आठी तुम्ही टिपलीत. दोन बोटांनी माझं मनगट धरलंत आणि मला दोरीवर वीतभर वर घेतलंत.

बस्, वीतभर. खाली ओढलं नाही, की 'जमत नाही' म्हणून तडक होडीत नेऊन बसवलं नाही. मी पुन्हा नाक दाबलं, कानात टक् झालं. तुम्ही भुवया उडवून विचारलंत, झालं? मी बोटांचा गोल केला.

मागाहून मी या विषयावर थोडं वाचलं. 1943 मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी श्वास ओढला की तेवढीच हवा सोडणारी झडप स्कूबासाठी जमवली. गान्याँ इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवायची जी खटपट चालली होती, त्यातली ही झडप. ती घेऊन कुस्तो समुद्रात उतरले तेव्हा त्यांची बायको सिमोन पाण्यात तोंड घालून वरून त्यांच्यावर नजर ठेवून होती आणि गरज पडली तर बुडी मारायला द्युमा नावाचा मित्र किनाऱ्यावर तयार होता. पुढे याच कुस्तोंनी जगाला टीव्हीवर समुद्र दाखवला. त्यांच्याही डोक्यावर कुणाची तरी नजर होती. मला ती सिमोन फार आवडली.

खाली दिसलं ते टीव्हीएवढं चकचकीत नव्हतं, हे कबूल. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. टीव्हीवाले दिवे घेऊन जातात म्हणून तो पडद्यावर दिसतो. माझं लाल नेलपॉलिश पार मळकट झालेलं. पण काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे माझ्या हाताजवळून गेले आणि मी त्यांच्याकडे बघू शकले, कारण कान दुखत नव्हता.

हल्ली कुठेही जा, भिंतीवर पडदा असतोच. बँकेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत. "वर लिहिलंय ना, वाचा." लिहून टांगलं की त्यांचं काम संपलं, समोरच्याला ते जमतंय का हे बघायला कुणी मान वर करत नाही. आमच्या गावच्या एसटीला एक कंडक्टर होते. म्हातारी माणसं टेकेपर्यंत ते डबल बेल द्यायचे नाहीत, मागून कितीही ओरडा होवो. त्यांनाही कधी कुणी पत्र लिहिलं नसणार. तुमची गाठ पडल्यावर ते फार आठवले.

आता दिवाळीनंतर माझ्या जाऊबाई यायचं म्हणताहेत. टीव्हीवर सगळं बघून त्यांची तयारी झालीय म्हणे. त्यांना बारमाही सर्दी. सर्दी असली तर तुम्ही पाण्यात उतरवणार नाही, असं मी त्यांना बजावलंय. त्या म्हणाल्या, "बघू, मी बोलते त्यांच्याशी." तेव्हा दादा, तुम्ही आपलं ठाम राहा.

तुमची,
काकी